मदर आन्ना डेंगेल : गोषांतील रुग्णांची वैद्य

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास, देवळाच्या बांधणीची हकीकत आणि दिवंगत धर्मगुरूंच्या आठवणी यांस स्थान मिळणें साहजिकच आहे. त्यांच्या जोडीला एका परदेशी बाईचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. या बाईंचा आपल्या धर्मग्रामाशीं प्रत्यक्ष संबंध कांहीं नाहीं. परंतु आपल्या कॅथलिक घराण्यांतील किती तरी मुलींनीं परिचारिकेचा धंदा पत्करलेला आहे. कोणी मुंबईच्या इस्पितळांत आहेत, कोणी आखाती देशांत, तर कोणी विलायतेंत. सणासुदीला रजा घेऊन त्या घरीं येतात तेव्हां भिन्न धर्माच्या, भिन्न चालीरीतींच्या रोग्यांच्या गोष्टी सांगतात, आणि ऐकणाऱ्या घरच्या मंडळीस कौतुक वाटतें. परक्या माणसाच्या अंगाला हात लावतांना त्याची लाज आणि त्याचा मान कसा राखावा, ही विद्या कोणी कोणास शिकविली, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. ही विद्या कळकळीनें शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या ज्या कांहीं व्यक्ति होऊन गेल्या, त्यांत मदर आन्ना डेंगेल यांची गणना झाली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

ऑस्ट्रिया देशाच्या तिरोल प्रांतांत लेख नदीच्या खोऱ्यांत स्टेग नांवाचें एक लहानसें डोंगरी गांव आहे. तेथें १६ मार्च १८९२ रोजीं आन्नाचा जन्म झाला. आईचें छत्र लहानपणींच नाहींसें झालें. पुढें कुटुंब हाल या गांवीं राहावयास आलें व तेथील व्हिजिटेशन मठाच्या धर्मभगिनींजवळ तिचें शिक्षण झालें. वयांत आल्यावर तिनें फ्रान्समधील लिओं शहरीं जर्मन भाषा शिकविण्याचें काम पत्करलें. मुलगी धर्मशील होती व दूरदेशीं जाऊन मिशनचें कार्य करावें ही ओढ तिला होती. परंतु तें कार्य कोणतें, याचा उलगडा झालेला नव्हता. अशा मनःस्थितींत एका वृद्ध स्कॉटिश स्त्री-डॉक्टरचें नांव तिच्या कानीं आलें, आणि तिच्या आयुष्याला दिशा लाभली. या वृद्ध बाईंची हकीकत थोडी विस्तारानें सांगितल्यावांचून पुढील गोष्ट कळणार नाहीं.

अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन या एडिंबरोच्या. जन्म १८३७ चा. वडील डंकन मॅक्लॅरन हे तेथील नामांकित नागरिक व पार्लमेंटचे सभासद होते. स्त्रियांना वैद्यकीचें शिक्षण मिळावें म्हणून एडिंबरो विद्यापीठांत सोफिया जेक्स-ब्लेक व त्यांच्या मैत्रिणींनीं जो झगडा केला, त्याला मॅक्लॅरनबाईंचा मनापासून पाठिंबा होता. त्या झगड्यांतील एक बाई, डॉ. ईडिथ पीची, पुढें मुंबईस आल्या व १८८६ सालीं उघडलेल्या कामा इस्पितळाच्या मुख्य झाल्या, हें मुंबईकर वाचकांस ठाऊक असेल. एडिंबरोचीं दारें बंद राहिलीं तेव्हां मॅक्लॅरनबाई फ्रान्समध्यें माँपेलिएला गेल्या आणि १८७८ सालीं, चाळिशी उलटल्यावर, डॉक्टर झाल्या. साठी उलटल्यावर, १८९८ सालीं, त्यांनीं कॅथलिक पंथ स्वीकारला. या वयांत माणसें तीर्थयात्रा आटोपून स्वस्थ बसतात. मॅक्लॅरनबाईंचें खरें कार्य येथून पुढें सुरू झालें.

पंजाबांतील रावळपिंडी या लष्करी छावणीच्या शहरांत मिल हिल संस्थेचे धर्मगुरू काम करीत असत. त्यांच्याकडून बाईंना असें समजलें कीं, तेथील गोषांत राहणाऱ्या स्त्रिया दुखणें जिवावर बेतलें तरी पुरुष डॉक्टरास अंगाला हात लावूं देत नाहींत, आणि स्त्री-डॉक्टर तर मिळत नाहीं. हें दुःख एकट्या पंजाबाचें नव्हतें. आपल्या महाराष्ट्रांत गोषाची चाल तितकी कडक नसली, तरी परपुरुषापुढें आपलें दुखणें उघडें करण्यापेक्षां मरण बरें, असें मानणाऱ्या बायका घरोघर होत्या. पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना स्त्री-डॉक्टरांची ही निकड मांडली होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी याच हेतूनें १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याआधीं, पुण्यास निवर्तल्या. शिकलेली विद्या वापरण्याचें भाग्य त्यांस लाभलें नाहीं. प्रॉटेस्टंट मिशनांनीं स्त्री-डॉक्टर पाठविण्यास केव्हांच आरंभ केला होता. कॅथलिक पवित्र सभेजवळ सेवेला वाहिलेल्या हजारों धर्मभगिनी होत्या, पण त्यांतून डॉक्टर मात्र एकहि निघत नव्हती.

याचें कारण वाचकांस चमत्कारिक वाटेल. धर्मभगिनींना डॉक्टर होण्याची सभेच्या कायद्यानें मनाई होती. मध्ययुगांत धर्माधिकाऱ्यांनीं शस्त्रक्रिया करूं नये असा निर्बंध घातला गेला; १२१५ सालच्या लॅटरन येथील महासभेचा ठराव प्रसिद्धच आहे. ज्या हातांनीं मिस्साबलि अर्पण करावयाचा त्या हातांना रक्त लागूं नये, व गुण न येतां रोगी दगावला तर धर्मगुरूवर ठपका येऊं नये, अशी त्यामागील दृष्टि दिसते. पुढें हा निर्बंध व्रतस्थ स्त्रियांनाहि लागू झाला. १९०१ सालीं रोमहून नव्या संस्थांसाठीं जे नियम निघाले, त्यांत बाळंतिणींची शुश्रूषा हें काम धर्मभगिनींच्या संस्थांस योग्य मानलेलें नव्हतें. १९१७ च्या धर्मविधिसंग्रहांतहि वैद्यकीची मनाई कायम राहिली. ब्रह्मचर्यव्रताचें रक्षण व्हावें हा हेतु उघड होता व तो हलका मानण्याचें कारण नाहीं. पण त्याचा परिणाम काय झाला? ज्या प्रसंगीं स्त्रीला स्त्रीची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच प्रसंगीं धर्मभगिनीस दाराबाहेर उभें राहणें भाग पडे.

मॅक्लॅरनबाईंनीं लंडनमध्यें एक समिति स्थापिली, पैसे जमविले आणि १९१० च्या सुमारास रावळपिंडींत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं संत कॅथरीनचें इस्पितळ उभें राहिलें. सत्तरी ओलांडलेल्या बाई स्वतः हिंदुस्थानांत येऊन तें पाहून गेल्या. रोमच्या दारीं त्यांनीं वारंवार अर्ज केले, प्रत्यक्ष जाऊन विनवण्या केल्या. निर्बंध कांहीं उठला नाहीं. तेव्हां निदान तरुण कॅथलिक मुली मिळाव्यात, त्यांनीं डॉक्टर होऊन रावळपिंडीस जावें, म्हणून त्या शोध करीत राहिल्या. आन्नानें त्यांना पत्र लिहिलें. उत्तर आलें. पत्रव्यवहार चालू झाला. ब्रिटिश राज्यांत चालेल अशी पदवी पाहिजे, सबब ती ब्रिटिश बेटांतच घेतली पाहिजे, हा सल्ला मॅक्लॅरनबाईंचा. परंतु दोघींची गांठ कधींच पडली नाहीं. १९१३ च्या एप्रिलांत मॅक्लॅरनबाई फ्रान्समध्यें परलोकवासी झाल्या. पाहिलें नाहीं, ऐकलें नाहीं अशा एका म्हातारीच्या चार पत्रांवर विश्वास टाकून एकवीस वर्षांच्या मुलीनें आपलें आयुष्य बांधून घ्यावें, हें नवल नव्हे काय?

आयर्लंडमधील कॉर्क येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत आन्ना दाखल झाली. तोंच पहिलें महायुद्ध पेटलें. ऑस्ट्रिया हें इंग्रजांचें शत्रुराष्ट्र. म्हणजे आपली ही विद्यार्थिनी शत्रूच्या मुलखांतील ठरली. परकी भाषा, दूर राहिलेलें घर, आणि त्यांत वैद्यकीचा कठीण अभ्यास, अशा स्थितींत तिनें १९१९ सालीं पदवी मिळविली. हिंदुस्थानांत जाण्याचा परवाना येईपर्यंत सुमारें नऊ महिने इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत, क्ले क्रॉस या खाणकामगारांच्या गांवीं, मदतनीस डॉक्टर म्हणून काम केलें. १९२० सालीं डॉ. आन्ना डेंगेल रावळपिंडीस पोंचल्या. वय अठ्ठावीस.

येथें आम्ही थोडें थांबतों. कारण पुढील आयुष्यांत मदर आन्ना यांनीं ज्या ज्या गोष्टींचा आग्रह धरला, त्यांचें मूळ या चार वर्षांत आहे. फ्रान्सिस्कन मिशनरी संघाच्या धर्मभगिनी इस्पितळांत परिचारिका होत्या. डॉक्टर एकट्या आन्नाबाई. बायका येत त्या मुसलमान, हिंदु, शीख. कोणी शहरांतल्या, कोणी सरहद्दीकडच्या. त्यांची भाषा शिकणें हें पहिलें काम, म्हणून बाईंनीं उर्दूचा अभ्यास मांडला. दुभाषाच्या तोंडून पोटदुखीची हकीकत कळेल, पण तिच्यामागची भीति कळत नाहीं. आणि दुभाषा जर पुरुष असेल तर कांहींच कळत नाहीं.

त्या काळीं उत्तरेकडे अशी रीत असे कीं, गोषांतील बाई आजारी पडली म्हणजे नवऱ्यानें किंवा भावानें दवाखान्यांत जाऊन तिच्या दुखण्याचें वर्णन करावें व औषधाची बाटली घेऊन यावें. फारच झालें तर पडद्याआडून हात पुढें यावा आणि डॉक्टरानें नाडी पाहावी. बाळंतपण दाईच्या हातीं. दाई ही गरीब, अशिक्षित, पण घरची माणसें तिला ओळखत आणि तिच्यापुढें कोणी लाजत नसे. नाळ कापतांना स्वच्छता न राहिल्यामुळें धनुर्वात होऊन अर्भकें दगावत. आणखी एक गोष्ट वैद्यांच्या लक्षांत हळूहळू आली. वर्षानुवर्षें उन्हाचा स्पर्श न झालेल्या बायकांचीं हाडें मऊ पडत, कटिप्रदेश आकसे, आणि अशी बाई अडली म्हणजे शस्त्रक्रियेवांचून तिची सुटका नसे. म्हणजे जी चाल तिला डॉक्टरापासून दूर ठेवी, तीच चाल तिला डॉक्टराची गरज लावी.

अशा स्थितींत बाहेरून आलेल्या माणसाच्या मनांत पहिला विचार येतो तो चालीला नांवें ठेवण्याचा. त्या काळचीं मिशनचीं पत्रकें आम्ही चाळतों तेव्हां, वर्गणी गोळा करण्याच्या भरांत आपल्या देशांतील बायकांचीं किती काळीं चित्रें काढलेलीं आहेत हें पाहून मन खिन्न होतें. आपल्या कॅथलिक पत्रकांना आम्ही यांतून वगळीत नाहीं. परंतु चालीचा निषेध केल्यानें अडलेली बाई मोकळी होत नाहीं. गोषा चांगला कीं वाईट याचा निकाल डॉक्टरानें रोग्याच्या उशाशीं बसून लावावयाचा नसतो. बाईला पुरुषाचा हात नको ना? मग स्त्री-डॉक्टर आणा. तिला परक्या भाषेचें भय वाटतें ना? मग तिची भाषा शिका. मॅक्लॅरनबाईंनीं इस्पितळ काढलें तें याच विचारानें, आणि आन्नाबाईंनीं तें चालविलें तेंहि याच विचारानें. चालीमुळें होणारी हानि त्यांस दिसत नव्हती असें नव्हे. पण रोगी बरी होईपर्यंत तिला शिकविण्याचा अधिकार आपल्याला नाहीं, आणि बरी झाल्यावरहि तो तिनें दिला तरच आहे, अशीच या कार्याची जात आहे असें आम्ही समजतों.

काम डोंगराएवढें आणि हात दोन. चार वर्षांत बाईंची प्रकृति खंगली. एकटी डॉक्टर कितीहि झिजली तरी ती गेल्यावर मागें काय उरणार, हा प्रश्न त्यांना छळूं लागला. लग्न न करतां धर्मसेवा करणाऱ्या बाईंनीं पगारी कामावर यावें आणि कांहीं वर्षांनीं परत जावें, अशानें इस्पितळें टिकत नाहींत. टिकतात तीं संघामुळें. पण संघांत जावें तर वैद्यकी सोडावी लागणार, आणि वैद्यकी ठेवावी तर संघाबाहेर राहावें लागणार. १९२४ सालीं त्या युरोपांत परतल्या. इन्स्ब्रुक येथें एकांतवासाच्या ध्यानाला बसल्या असतां एका जेझुइट धर्मगुरूंनीं त्यांना असा धीर दिला कीं, पाहिजे तसा संघ नसेल तर तो नवा काढावा.

पुढें त्या अमेरिकेस गेल्या. तेथें वॉशिंग्टन शहरीं फादर मायकेल मॅथिस या होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंचें साहाय्य लाभलें; त्यांना बंगालच्या मिशनमुळें वैद्यकीय सेवेची निकड अगोदरच पटलेली होती. ३० सप्टेंबर १९२५ रोजीं चार बायकांनीं मिळून वैद्यकीय मिशनच्या कॅथलिक भगिनींचा संघ वॉशिंग्टन येथें सुरू केला. दोन डॉक्टर, आन्ना डेंगेल व शिकागोच्या जोॲना लायन्स. आणि दोन परिचारिका, एव्हलिन फ्लीगर व मेरी उल्ब्रिख. सभेच्या कायद्याचा भंग त्यांनीं केला नाहीं व कायद्यापुढें हातहि टेकले नाहींत. जाहीर व्रतें घेणाऱ्या भगिनींना मनाई आहे ना? मग आम्ही जाहीर व्रतें घेत नाहीं. व्रतस्थांप्रमाणें एकत्र राहूं, प्रार्थना करूं, आज्ञा पाळूं आणि रोग्यांची सेवा करूं. कायदा बदलेल तेव्हां बदलेल. अकरा वर्षें या मंडळींनीं अशीं काढलीं. लोकांच्या दृष्टीनें त्या धड धर्मभगिनी नव्हत्या आणि धड संसारी बायकाहि नव्हत्या. आपल्याकडे अशा बाईची काय संभावना होते, हें सांगावयास नको. तिकडेहि ती फारशी वेगळी झाली असेल असें वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, आज्ञापालनाचें व्रत घेऊं इच्छिणाऱ्या बाईनें कायद्याला ही बगल कां द्यावी? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यांनीं कायदा केला त्यांच्याच नजरेखालीं, बिशपांच्या परवानगीनें, उघडपणें हें काम चाललें होतें. कायद्याचा हेतु पावित्र्य राखणें हा होता. कोणाची बाळंतीण मरावी हा खचित नव्हता. तें सिद्ध करण्यास वादापेक्षां काम पाहिजे होतें.

रोमला कामाची जाणीव झालीहि. ११ फेब्रुवारी १९३६, लूर्ड्झच्या मातेचा सण. त्या दिवशीं धर्मप्रसार परिषदेनें एक आज्ञापत्र काढलें. त्यानें मिशनच्या देशांत धर्मभगिनींना वैद्यकी, शुश्रूषा व बाळंतपणाचें काम करण्यास नुसती मोकळीक दिली नाहीं, तर त्यासाठीं रीतसर पदव्या घ्याव्यात असें उत्तेजन दिलें. शेंकडों वर्षांचा निर्बंध अशा रीतीनें सैल झाला. मॅक्लॅरनबाईंना जाऊन त्या वेळीं तेवीस वर्षें झालीं होतीं. १९४१ सालीं मदर आन्ना व त्यांच्या भगिनींनीं जाहीर व्रतें घेतलीं. संघाचें मुख्य ठाणें १९३९ सालीं फिलाडेल्फियास हललें होतें. त्रेपन्न वर्षांपूर्वीं आपल्या आनंदीबाईंनीं ज्या शहरीं पदवी घेतली तेंच हें शहर. निव्वळ योगायोग, पण लिहितांना बरें वाटतें.

त्याच कार्याची एक दुसरी शाखा आपल्या देशांत दक्षिणेकडे वाढत होती, तिचाहि उल्लेख केला पाहिजे. मॅक्लॅरनबाईंवरील एक लहानशी पुस्तिका १९१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. मेरी ग्लाउरी यांच्या वाचनांत आली. त्या १९२० सालीं गुंटूरला आल्या, धर्मभगिनी झाल्या आणि पोपमहाराजांच्या खास परवानगीनें वैद्यकी करूं लागल्या. तेलुगु भाषा त्यांनीं शिकून घेतली, तेथील मुलींना औषधें देण्याचें व सुइणीचें शिक्षण दिलें आणि देशी औषधींचाहि अभ्यास केला. १९४३ सालीं कॅथलिक इस्पितळांचा अखिल भारतीय संघ त्यांनींच स्थापिला. एका म्हाताऱ्या बाईच्या अपयशी ठरलेल्या अर्जांतून दोन खंडांतील दोन डॉक्टर निघाल्या, असें म्हटलें तरी चालेल.

आतां शिक्षणाविषयीं. मदर आन्ना यांचा पहिला कटाक्ष असा कीं, भक्ति ही विद्येची जागा घेऊं शकत नाहीं. रोग्यावर प्रेम आहे म्हणून अर्धवट शिकलेल्या हातांनीं त्याला टांके घालावेत, हें त्यांना मुळींच मान्य नव्हतें. गरीबाला मिळावयाची सेवा श्रीमंताला मिळते त्याच तोडीची असली पाहिजे. डॉक्टर, परिचारिका, सुईण, औषधें तयार करणारी, प्रत्येकीनें आपापली पदवी घेतलीच पाहिजे. आपल्याकडे धर्मादाय दवाखाना म्हटला म्हणजे उरलेसुरलें औषध आणि उपकाराची भाषा हीं पुष्कळदां आढळतात. म्हणून हा मुद्दा आम्ही मुद्दाम सांगतों.

दुसरा कटाक्ष परदेशांतील इस्पितळ परदेश्यांच्याच हातीं राहूं नये हा. संघाचें नवें होली फॅमिली इस्पितळ १९२७ च्या सुमारास रावळपिंडींत सुरू झालें. १९३९ सालीं पाटण्यास, पुढें छोटानागपुरांतील मांडर येथें, व १९५३ सालीं दिल्लीस अशीं इस्पितळें निघालीं. त्यांच्याबरोबर परिचारिकांच्या शाळाहि चालल्या आणि केरळांतील व इतर प्रांतांतील मुली तेथें शिकूं लागल्या. ज्या मुलीची आई चुलीपुढें बसून स्वयंपाक करते, तिला रोग्याच्या घरचा डबा कां महत्त्वाचा वाटतो हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. बाहेरून येणाऱ्या भगिनीनें मात्र तें शिकलेंच पाहिजे: कोण काय खात नाहीं, कोणाच्या डोईवरचा पदर ढळूं द्यावयाचा नाहीं, मरणसमयीं कोणाला कोणाचें नांव कानीं पडावें असें वाटतें.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक. १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मदर आन्ना यांनीं वैद्यकीय मिशनची बाजू मांडतांना असा विचार सांगितला कीं, गोऱ्या लोकांनीं ज्या देशांना जिंकलें व लुबाडलें त्यांचें त्यांना कांहीं देणें आहे, आणि ही सेवा त्या देण्याच्या फेडीपैकीं आहे. साम्राज्यें अजून उभीं असतांना, युद्ध चालू असतांना, एका युरोपियन बाईनें हें लिहावें याचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. उपकार करणारा वरून पाहतो. ऋण फेडणारा समोर उभा राहतो. त्याच ग्रंथांत धर्मप्रसाराचाहि हेतु आहेच व तो त्यांनीं लपविला नाहीं. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा याविषयीं आजहि आपल्या इस्पितळांत मतभेद होतात. आमच्यापुरतें म्हणावयाचें तर, रोग्याच्या असहायतेचा फायदा घेणें हा धर्मप्रसार नव्हे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

अलीकडच्या काळांत न्यूझीलंड देशांतील माओरी जातीच्या परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनीं या सर्व विषयाला नांव व शास्त्र दिलें. सेवा निर्धोक झाली कीं नाहीं हें परिचारिकेनें ठरवावयाचें नसून ज्याची सेवा झाली त्यानें ठरवावयाचें, आणि परिचारिकेनें दुसऱ्याच्या चालीरीति पाठ करण्याआधीं स्वतःच्या मनांतील मोठेपणा तपासावा, असें त्यांचें सांगणें. १९९२ पासून त्या देशांत परिचारिकांच्या शिक्षणांत हा विषय आवश्यक झाला. मदर आन्ना यांना हें शास्त्र ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि त्यांच्या काळाच्या मर्यादा त्यांनाहि होत्याच. पण रावळपिंडींत ज्या बाईनें डॉक्टराकडे पाठ फिरविली, तिचा दोष न काढतां डॉक्टरच बदलला पाहिजे हें ज्यांनीं ओळखलें, त्यांना रॅम्सडेनबाईंचें म्हणणें परकें वाटलें नसतें.

मदर तेरेजा यांचें नांव आपल्या घरांतील मुलांनाहि ठाऊक आहे. १९४८ सालीं लोरेटो मठ सोडून कलकत्त्याच्या झोपडपट्टींत जाण्यापूर्वीं त्या पाटण्यास मदर आन्नांच्या संघाच्या होली फॅमिली इस्पितळांत कांहीं महिने राहिल्या. जखमा बांधणें, सुई टोंचणें, बाळंतिणीची व अर्भकाची व्यवस्था पाहणें हें त्या तेथें शिकल्या. आपल्या भावी भगिनींनीं गरिबांप्रमाणें नुसता मीठभात खाऊन राहावें असा त्यांचा बेत होता. पाटण्याच्या अनुभवी भगिनींनीं त्यांस स्पष्ट सांगितलें कीं, अशानें मुली आजारी पडतील आणि रोग्यांची सेवा करण्याऐवजीं त्यांचीच सेवा करावी लागेल. पुरेसें अन्न, विश्रांति व स्वच्छता हीं पाहिजेतच. मदर तेरेजांनीं तो सल्ला मानला. संत होऊं घातलेल्या बाईला आहाराविषयीं चार शब्द ऐकविण्याचें धैर्य त्या भगिनींना कोठून आलें, तें वरील हकीकतीवरून कळून येईल.

मदर आन्ना १९६७ पर्यंत संघाच्या प्रमुख होत्या. एवढ्या काळांत देशोदेशीं इस्पितळें निघालीं. पुढें काळ पालटला, नव्या स्वतंत्र देशांत सरकारें आरोग्याची व्यवस्था पाहूं लागलीं, आणि संघानेंहि मोठ्या इमारतींपेक्षां खेड्यापाड्यांतील वस्त्यांकडे वळण्यास आरंभ केला. रावळपिंडीचें इस्पितळ, जेथून हें सारें सुरू झालें, तें फाळणीनंतर पाकिस्तानांत राहिलें व १९७० नंतरच्या दशकांत तेथील सरकारच्या हातीं गेलें; नांव मात्र होली फॅमिली असेंच राहिलें आहे. मदर आन्ना यांचें देहावसान १७ एप्रिल १९८० रोजीं रोम येथें झालें. वय अठ्ठ्याऐंशी होतें. संत पीटरच्या महामंदिराला लागून जर्मन भाषकांची एक जुनी दफनभूमि आहे, तींत त्यांना मूठमाती देण्यात आली. रोमच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकीं ज्यांच्या घरीं कोणी परिचारिका असेल, त्यांनीं तेथें क्षणभर उभें राहून एक नमो मरिया म्हणावी, एवढी आमची विनंति आहे.